हेरपटाची पहिली तीन मिनिटं

हिंदी हेरपटाच्या सुरुवातीला हल्ली दोन पाट्या येतात आणि त्या एकमेकींना खोडून काढतात. पहिली सांगते की चित्रपटातली सर्व पात्रं, संस्था आणि घटना काल्पनिक आहेत. कुणाशी साम्य आढळल्यास तो निव्वळ योगायोग समजावा. ती इतक्या बारीक अक्षरांत आणि इतक्या घाईने सरकते की पूर्ण वाचणारा प्रेक्षक मला अजून भेटायचा आहे. दुसरी पाटी काळ्या पडद्यावर ठसठशीत आणि सावकाश उमटते : सत्य घटनांपासून प्रेरित. मग कोपऱ्यात टाइपरायटरच्या टकटकीबरोबर शहराचं नाव, तारीख, वेळ. पहिली पाटी कोर्टासाठी असते, दुसरी तिकीट काढणाऱ्यासाठी.

हेरपटाला त्याची जुनी, भडक, गाण्यासकट येणारी श्रेयनामावली परत मिळायला हवी, असं माझं म्हणणं आहे. यात गतकाळाचे उमाळे नाहीत. ती श्रेयनामावली प्रेक्षकाला आधीच बजावायची की पुढचे दोन तास तो कोणत्या जातीच्या बनावात बसणार आहे. तिची जागा आता टाइपरायटरच्या अक्षरांनी घेतली आहे, आणि ही अक्षरं बनावाला कागदपत्राचा वेश चढवतात. गुप्तचर यंत्रणेबद्दल नागरिकाला जवळजवळ काहीच अधिकृतपणे सांगितलं जात नाही अशा देशात हा वेश साधा राहत नाही.

सगळ्यांच्या ओळखीच्या उदाहरणापासून सुरू करू. पांढरे ठिपके पडद्यावरून सरकतात, एक ठिपका पिस्तुलाच्या नळीचं तोंड होतो, नळीच्या पलीकडे सुटातला माणूस चालत येतो, गर्रकन वळून आपल्यावरच गोळी झाडतो, वरून लाल रंग ओघळतो. 1962 च्या ‘डॉ. नो’साठी, म्हणजे पहिल्या जेम्स बाँडपटासाठी, मॉरिस बाइंडर यांनी ही कल्पना रचली. खऱ्या पिस्तुलाच्या नळीतून दिसणारं दृश्य टिपण्यासाठी त्यांनी सुईच्या छिद्राएवढ्या भिंगाचा कॅमेरा वापरला. गंमत म्हणजे पहिल्या तीन चित्रपटांत नळीपलीकडे चालणारा माणूस बाँडची भूमिका करणारे शॉन कॉनरी नव्हतेच. ते स्टंट करणारे बॉब सिमन्स होते. चौथ्या चित्रपटात पडद्याची रुंदी बदलली, दृश्य नव्याने चित्रित करावं लागलं, तेव्हा कुठे कॉनरी स्वतः नळीसमोर आले. कुणाला फरक पडला नाही. तिथे माणूस कधी नव्हताच, आकृती होती.

या वीसेक सेकंदांत किती गोष्टी सांगून होतात ते पाहा. आपण मारेकऱ्याच्या डोळ्यातून बघतो आहोत, आणि नायक आपल्याहून चपळ आहे. रक्त सांडेल, पण ते रंगासारखं ओघळेल; त्याला वास नसेल, त्यामागे रडणारी बायको नसेल. शहर कोणतं, साल कोणतं, हे कुणी विचारायचं नाही. पुढच्याच वर्षी रॉबर्ट ब्राउनजॉन यांनी नर्तिकेच्या अंगावर प्रकाशाने अक्षरं पाडली, त्याच्या पुढच्या वर्षी सोनेरी रंग फासलेल्या देहावर चित्रपटातलीच दृश्यं प्रक्षेपित केली. नावं वाचायची की देह पाहायचा, हा पेच मुद्दाम घातलेला होता. बाइंडर 1965 मध्ये परतले आणि 1989 पर्यंत या मालिकेच्या नामावल्या करत राहिले. धूर, पाणी, छायाकृती आणि शर्ली बॅसीसारखा छातीतून येणारा आवाज. सगळं मिळून एकच सांगणं : हे स्वप्न आहे, आणि जरा चावट स्वप्न आहे.

एवढ्या वर्षांत या स्वप्नाने ब्रिटिश गुप्तचर खात्याबद्दल कुणाची दिशाभूल केली नसेल असं नाही. पण त्या खात्याला ब्रिटनच्या कायद्यात जागा मिळाली ती 1994 मध्ये. तोवरची बत्तीस वर्षं बाँड ज्या संस्थेत पगार घेत होता तिच्याबद्दल संसदेचा एकही कायदा नव्हता. म्हणजे तिथल्या प्रेक्षकाचीही माहितीची भूक सिनेमाच भागवत होता. फरक एवढाच की ती भागवण्याआधी सिनेमा सोनेरी रंग फासून समोर उभा राहायचा. त्याला खरं मानणाऱ्याला निदान थोडे कष्ट घ्यावे लागायचे.

इथे गोव्याची एक तारीख आठवते. 19 डिसेंबर 1961 रोजी गोवा मुक्त झाला. ‘डॉ. नो’ लंडनमध्ये पहिल्यांदा लागला तो 5 ऑक्टोबर 1962 रोजी, दहा महिन्यांच्या आत. त्याआधीची काही वर्षं गोमंतकीय माणूस खऱ्याखुऱ्या हेरगिरीखाली जगला होता. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याची पिद ही गुप्त पोलीस यंत्रणा इथे पोचली होती. उत्सवाच्या मांडवात कोण काय बोललं, कुणाकडे सीमेपलीकडचं वर्तमानपत्र आलं, हे चौकीवर कळवणारा माणूस त्याच वाड्यावरचा असायचा. पोर्तुगीज पोलिसांतल्या कासिमिरो मोंतेरोचं नाव जुन्या पिढीच्या घरांत अजूनही आवाज उतरवून घेतात. गोव्यातच जन्मलेला हा माणूस मुक्तीनंतर निसटला, पिदचा हस्तक झाला, आणि फेब्रुवारी 1965 मध्ये सालाझारचे विरोधक जनरल उंबेर्तो देल्गादो यांची स्पेनच्या हद्दीत झालेली हत्या त्याच्याच हातची. त्याने सुटातून वळून गोळी झाडली नाही. कोठडीत माणसं मारत, झोडपत तो मोठा झाला होता.

हे सगळं अंगावरून गेलेल्या माणसांनी पुढे पणजीच्या सिने नॅशनलमध्ये किंवा म्हापशाच्या अलंकारमध्ये बसून हेरपट मजेत पाहिले असतील, तर त्याचं श्रेय मी त्या सोनेरी देहांना आणि ठिपक्यांना देईन. पडद्यावरचा हेर आणि वाड्यावरचा चुगलखोर यांची गल्लत होऊ नये, याची तजवीज पहिल्या तीन मिनिटांत केलेली असे.

हेरपट म्हणजे बाँडच, असं मात्र नाही. आणि माझ्या मुद्द्याचा सगळ्यात चांगला पुरावा बाँडच्याच घरातून मिळतो. 1965 साली ‘द इप्क्रेस फाइल’ आला. निर्माते हॅरी साल्ट्झमन, संगीत जॉन बॅरी, नेपथ्य केन अॅडम, संकलन पीटर हंट. सगळी बाँडपटांचीच माणसं. पण नामावली कशावर येते? गजर होतो. नायक झोपेतून उठतो, त्याला काही दिसत नाही, कारण त्याला चष्मा आहे. पडदाही त्याच्याइतकाच धूसर. तो चाचपडत चष्मा शोधतो, मग चित्र स्वच्छ होतं. तो कॉफीच्या बिया दळतो. मागे सिंबॅलॉम वाजतं, आपल्या संतूरच्या भावकीतलं वाद्य, किणकिणतं आणि जरा वैतागलेलं. एवढ्यात कळतं की हा नोकरदार आहे, याला वरिष्ठ आहेत, याचा पगार बेताचा आहे, आणि याला फसवलं जाईल ते आपल्याच लोकांकडून. पिस्तूल दिसतं, पण तेही आवराआवरीत. तेच हात, त्याच वर्षी, दोन वेगळ्या जातींचे चित्रपट बनवतात आणि कोणता कोणत्या जातीचा हे नामावलीतच प्रामाणिकपणे सांगतात.

बीबीसीच्या 1979 मधल्या ‘टिंकर टेलर सोल्जर स्पाय’ मालिकेत तर माणूसच नाही. लाकडी रशियन बाहुली उघडते, आत दुसरी, तिच्या आत आणखी एक, आणि शेवटच्या बाहुलीला चेहराच नसतो. पुढच्या सात भागांचा सगळा संशय त्या बिनचेहऱ्याच्या लाकडात आहे. दूरचित्रवाणीवर 1966 मध्ये सुरू झालेल्या ‘मिशन : इम्पॉसिबल’ची युक्ती उलटी. काडी ओढली जाते, वात पेटते, आणि लालो शिफ्रिन यांच्या पाच मात्रांच्या लंगडत धावणाऱ्या तालावर त्याच भागातली पुढची दृश्यं झपाझप दिसून जातात. रहस्य आधीच फोडलेलं. म्हणजे प्रेक्षकाने पाहायचं ते काय होतं हे नव्हे, यंत्र कसं चालतं हे. 1996 च्या चित्रपटानेही वात तशीच पेटवली.

आणि ही खूण किती ताकदवान असते ते ज्यांनी ती हलवली त्यांनीच दाखवलं. 2006 मध्ये ‘कॅसिनो रॉयाल’ने बाँडची नव्याने सुरुवात केली तेव्हा नळीचं दृश्य आरंभीच्या जागेवरून उचलून कृष्णधवल प्रसंगाच्या शेवटी, कथेतच गुंफलं. डॅनियल क्लाइनमन यांच्या नामावलीत पत्त्यांचे बदाम-इस्पिक होते आणि नेहमीच्या स्त्रियांच्या छायाकृती गायब होत्या. पुढच्या दोन चित्रपटांत नळी थेट शेवटी गेली. प्रेक्षकांना कुणी समजावून सांगितलं नाही, तरी कळलं : हा अजून आपला बाँड झालेला नाही. 2015 मध्ये ती पुन्हा सुरुवातीला आली. एका चित्राची जागा बदलून चार चित्रपटांची भूमिका सांगता येते, तर ‘नामावली म्हणजे वेळकाढूपणा’ म्हणणाऱ्यांनी जरा थांबावं.

आता गोव्यात येऊ. आपल्या किनाऱ्यावर घडलेली सगळ्यात मोठी हेरकथा मुरगाव बंदरातली. दुसऱ्या महायुद्धात पोर्तुगाल तटस्थ, म्हणून जर्मनीची तीन आणि इटलीचं एक जहाज इथे आसऱ्याला होती. त्यातल्या ‘एरेनफेल्स’वरून बिनतारी यंत्राने पाणबुड्यांना ब्रिटिश जहाजांची खबर जाते असा ब्रिटिशांचा संशय. तटस्थ बंदरावर उघड हल्ला करता येईना. मग कलकत्ता लाइट हॉर्स या हौशी घोडदळातले, पोक्त वयाचे, व्यापारधंद्यातले गोरे साहेब एका गाळ काढणाऱ्या बार्जमधून कोचीनमार्गे आले आणि 9 मार्च 1943 च्या रात्री त्यांनी ‘एरेनफेल्स’वर चढाई केली. चारही जहाजं जळाली, बुडाली. कितीतरी वर्षं ही गोष्ट गुप्त होती. 1978 मध्ये तिच्यावर पुस्तक आलं, 1980 मध्ये ‘द सी वुल्व्ज’ हा चित्रपट, चित्रीकरण गोव्यातच.

चित्रपटात ग्रेगरी पेक, डेव्हिड निव्हन आणि रॉजर मूर. मूर त्या वेळी बाँड होते. एक बाँडपट 1979 चा, पुढचा 1981 चा, मध्ये हा. तेव्हा हा चित्रपट कुठलीही पाटी न लावता बाँडची नामावली उसनी घेऊनच पडद्यावर आला असं म्हणता येईल. मूर दिसले की प्रेक्षकाच्या डोक्यात गिटार वाजणारच. त्यात गूढ बाईबरोबरचं प्रेमप्रकरणही आहे. आणि तरी गोष्ट खरी म्हणून सांगितलेली. आज मुरगावबद्दल गप्पा निघाल्या की लोक चित्रपटातले तपशील इतिहास म्हणून सांगतात, आणि त्यांना दोष कसा द्यायचा? कोणता भाग बंदरातला आणि कोणता स्टुडिओतला, हे सांगायची सोय त्या चित्रपटाने ठेवलेली नाही. त्या रात्री बंदरात हमाली करणारे, होडी वल्हवणारे गोंयकार होते की नव्हते, हा प्रश्न तर त्याला पडलेलाही नाही.

चोवीस वर्षांनी ‘द बोर्न सुप्रीमसी’ आला. त्याची सुरुवातही गोव्यात. पाळोळ्याच्या किनाऱ्यावरचं घर, स्मृती गेलेला नायक, रात्रीच्या दुःस्वप्नाचे तुकडे. मग पणजीच्या गर्दीतून पाठलाग आणि नेरूलच्या पुलावरून गाडी नदीत. गाणं नाही, छायाकृती नाहीत. हातात धरलेला, थरथरता कॅमेरा. आता हा कॅमेराच नवी नामावली झाला होता. तो सांगतो की मी इथे होतो, मी धावत धावत हे टिपलं. दिग्दर्शक पॉल ग्रीनग्रास यांच्या हाताखाली ही शैली चांगलीच शोभली, कारण त्यांची कथा कोणत्याही खऱ्या घटनेचा दाखला देत नव्हती. वार्तापटाची भाषा आणि कल्पित कथा. प्रेक्षकाला फसवायला तिसरी गोष्ट लागते, ती म्हणजे ‘हे घडलं आहे’ असं म्हणणं. ती आपल्याकडे जोडली गेली.

हिंदीत हेरपट बाँडच्या मागोमागच आला. 1967 च्या ‘फर्ज’मध्ये जितेंद्र एजंट 116 होते, 1979 च्या ‘सुरक्षा’मध्ये मिथुन चक्रवर्ती गनमास्टर जी-9. नकला होत्या, उघडउघड नकला होत्या. नायकाचं नाव आकड्याने सुरू होत असेल तर त्याच्या कर्तृत्वाचा पुरावा कुणी मागत नाही. आजचे दिग्दर्शक त्यांच्यापेक्षा कितीतरी कुशल आहेत, हे मान्य. पण आकडा गेला आणि त्या जागी तारीख आली, तेव्हा काय बदललं याचा विचार त्यांनी केलेला दिसत नाही. किंवा केला आहे आणि म्हणूनच बदललं आहे.

कारण आपल्याकडे पडताळणीचा रस्ताच बंद आहे. रॉ ही आपली परदेशी गुप्तवार्तेची संस्था 1968 मध्ये स्थापन झाली. तिच्यासाठी संसदेने केलेला स्वतंत्र कायदा आजही नाही. माहिती अधिकार कायद्याच्या कलम 24 ने तिला दुसऱ्या अनुसूचीत घालून बाहेर ठेवलं आहे, भ्रष्टाचार आणि मानवी हक्कभंगाच्या आरोपांपुरती फट सोडून. 1923 चा शासकीय गुपितांचा कायदा आहेच. 2021 मध्ये निवृत्तिवेतनाचे नियम असे बदलले की गुप्तचर संस्थांतून निवृत्त झालेल्यांना आपल्या कामाच्या क्षेत्राबद्दल लिहायचं तर परवानगी लागते. यातल्या प्रत्येकाला काही कारण असेल, मी त्या वादात शिरत नाही. पण परिणाम उघड आहे. अधिकारी बोलू शकत नाही, कागद मिळत नाहीत, पुस्तक अडतं, आणि ‘सत्य घटनांपासून प्रेरित’ चित्रपट मात्र तीन हजार पडद्यांवर लागू शकतो. त्या पोकळीत चित्रपट जे म्हणेल तेच घडलेलं ठरतं. शेजारचा देश कसा आहे, कोठडीत छळ उपयोगी पडतो की नाही, कुणावर संशय घ्यावा, याबद्दलच्या लोकांच्या समजुती तिथून येतात.

कुणी म्हणेल, प्रेक्षक मूर्ख नाही. नाहीच. मराठी प्रेक्षक तर पाट्या वाचण्यात पटाईत. सेन्सॉरचं प्रमाणपत्र पडद्यावर आलं की किती रिळांचा ते बघून घरी कधी पोचू याचा हिशेब व्हायचा, आणि खालच्या कोपऱ्यात त्रिकोण दिसला की ‘कापलाय रे’ अशी कुजबुज. हाच प्रेक्षक गावच्या उत्सवातल्या नाटकालाही बसतो. दशावतारी खेळात आधी गणपती येतो, रिद्धी-सिद्धी येतात, संकासुर येऊन हसवून जातो, मग आख्यान लागतं. पेडण्यातल्या पोरालाही ठाऊक असतं की संकासुर गेल्यावर जे राक्षस येतील ते मघाशी रंगपटात तोंडाला रंग लावत बसलेले आपलेच लोक. त्या पूर्वरंगाला कात्री लावून थेट युद्धापासून खेळ सुरू केला आणि वर ‘हे पुराणात असंच लिहिलं आहे’ असं जाहीर केलं, तर चतुर प्रेक्षकाचीही काही काळ फसगत होणं साहजिक आहे. चतुराईला खूण लागते.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे : वेळ नाही. नेटफ्लिक्सने 2017 मध्ये नामावली ओलांडायचं बटण दिलं आणि आपण सगळे ते दाबतो. चित्रपटगृहात तंबाखूविरोधी फीत, इशारा, प्रमाणपत्र, निर्मितीसंस्थांच्या चार-पाच बोधचिन्हांची मिरवणूक, बँकांपासून पर्यटन खात्यापर्यंतचे आभार, एवढं सोसून झालेल्या माणसाला आणखी तीन मिनिटं छायाकृती कोण दाखवणार? यावर माझं उत्तर एवढंच की मिरवणूक कापा. आभार शेवटी जाऊ शकतात.

तिसरा आक्षेप मला मोडता येत नाही. बाइंडर यांच्या नामावल्यांतल्या बायका म्हणजे बंदुकीच्या नळीवर घसरणारे नग्न आकार होते, आणि ते कौतुकाने पाहण्याची सवय त्याच तीन मिनिटांनी जगभर लावली. खूण प्रामाणिक असली तरी तिने कबूल केलेली गोष्ट चांगलीच असते असं नाही. तेवढ्यासाठी मी 2006 चे पत्ते 1977 च्या बाँडपटातल्या देहांपेक्षा वरचे मानतो.

शेवटी एक चित्रपट, जो अजून मोठ्या पडद्यासाठी कुणी नीट केलेला नाही. नोव्हेंबर 1955 पासून मुक्तीपर्यंत वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी सीमेपलीकडच्या रानात, आंबोली आणि कॅसलरॉकच्या भागात लपून, कोकणी आणि पोर्तुगीज भाषांत भूमिगत रेडिओ चालवला : ‘गोंयचे सोडवणेचो आवाज’. मुक्तीच्या वेळी विमानातून ध्वनिक्षेपकावर बातमी सांगणारी माणसंही तीच. पुढे दोघांनी लग्न केलं. लिबिया लोबो सरदेसाई यांना 2025 ची पद्मश्री जाहीर झाली. यापेक्षा सरस हेरकथा कुठल्या स्टुडिओला सुचणार नाही. हिच्या सुरुवातीला छायाकृती नकोत हे उघड आहे. इप्क्रेसच्या कॉफीसारखं काहीतरी हवं : सकाळी यंत्र तापवणं, पावसात वायर वाळवणं, एकच बातमीपत्र दोन भाषांत लिहून काढणं, साप आहे का ते पाहून मग बसणं. नावं या कामावरून सरकू द्यावीत.

आणि नामावलीत एक साधी सोय करावी. पात्रांच्या यादीत खरी माणसं एका रंगात, पटकथाकाराने घडवलेली दुसऱ्या रंगात. पहिल्याच मिनिटाला, वाचता येईल इतकी मोठी. खर्च शून्य, बंदी नाही, नवा नियम नाही, सेन्सॉरचा संबंध नाही. निर्मात्याचा वकील कदाचित कुरकुरेल, कारण ‘सगळंच काल्पनिक’ या ढालीमागे लपायची मुभा जाते. आणि जाहिरातवालाही, कारण ‘सगळंच खरं’ म्हणायची जाते. दोघंही एकाच वेळी नाराज होत असतील तर यादी बरोबर लागली आहे असं मी धरेन.